भोवरा पडत का नाही

सरांच्या टेबलावर बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा असे. मी पहिल्यांदा त्यांच्या खोलीत गेले तेव्हा त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला आणि मी, पुण्याच्या शिस्तीत वाढलेली बाई, "नको सर, आत्ताच खाऊन आले" म्हणाले. सर हसले नाहीत. ते सहसा हसत नसत. त्यांनी झाकण उघडून दाखवलं. आत बिस्किटं नव्हती, कागदाच्या घड्या होत्या, सगळ्या एका मापात कापलेल्या.

"एक काढा," ते म्हणाले.

त्यांच्या देशात, म्हणजे रुमानियात, परीक्षा अशीच होते हे मला नंतर कळलं. विद्यार्थ्यानं चिठ्ठी उचलायची, तिच्यावर जो विषय निघेल तो घेऊन फळ्यासमोर उभं राहायचं आणि प्राध्यापक विचारत जाईल तिथपर्यंत बोलायचं. लेखी पेपर नाही, पर्याय नाहीत, "कोणतेही पाच सोडवा" नाही. सिंगापूरच्या विद्यापीठात अशी परीक्षा घ्यायला कुणी परवानगी देणं शक्यच नव्हतं. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांची परीक्षा ते निमूटपणे इथल्या पद्धतीनं घेत. पण ज्याला त्यांच्या हाताखाली संशोधन करायचं असेल त्याला या डब्यात हात घालावाच लागे.

आणि मला त्यांच्या हाताखाली संशोधन करायचं होतं. तेव्हा मला दुसरं काहीच नको होतं.

हे नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतलं सांगते आहे. माझा नवरा मरीन इंजिनियर, सिंगापूरहून निघणाऱ्या बोटींवर. तो वर्षातला बराच काळ पाण्यावर आणि मी व आमची मुलगी वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये, कारण तिथलं भाडं झेपायचं. पुण्याला मी एका इंजिनियरिंग कॉलेजात मेकॅनिक्स शिकवत होते. पीएच.डी.ला नाव घातलं होतं, ते अर्ध्यावर सोडून, नवऱ्याच्या नोकरीवर मिळणाऱ्या डिपेंडंट पासवर इथे आले. पासाचं नावच मोठं बोलकं आहे. महाराष्ट्र मंडळातल्या बायका मला मनापासून सल्ले द्यायच्या: कॉम्प्युटरचा कोर्स कर, नाहीतर काँडोमधल्या श्रीमंत मुलांच्या ट्यूशन घे, मेकॅनिक्सला इथे कोण विचारतंय. सल्ले चुकीचे नव्हते, पण ऐकताना माझं डोकं फिरायचं. विद्यापीठात तासावर शिकवणी घेण्याचं एक किरकोळ काम मला मिळालं होतं, तेवढ्या धाग्याला मी घट्ट धरून होते.

तिथेच सरांचं लेक्चर पहिल्यांदा ऐकलं. ऐकलं म्हणणं बरोबर नाही, पाहिलं.

विद्यापीठानं सगळीकडे पांढरे गुळगुळीत बोर्ड बसवले होते. सरांनी मार्करला हात लावायला नकार दिला, त्यामुळे एका जुन्या इमारतीतला, काळा फळा शिल्लक असलेला हॉल त्यांच्यासाठी शोधून काढावा लागला होता. त्या हॉलचा एसी इतका कडक की मुलं स्वेटर घालून येत, बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असल्या तरी. सर आत आले. साठी उलटलेली, उंच, खांद्यात किंचित वाकलेले, हातात पुस्तक नाही, टिपण नाही, साधा कागदाचा कपटासुद्धा नाही. खिशातून खडू काढला आणि म्हणाले, "पेनं खाली."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. सिंगापूरच्या मुलांना पेन खाली ठेवायला सांगणं म्हणजे भलतंच काही मागणं. पण त्यांनी ठेवली. सरांनी डाव्या वरच्या कोपऱ्यात एक बिंदू काढला आणि तिथून सुरुवात केली. एका बिंदूपासून फिरणाऱ्या जड वस्तूपर्यंत सगळं एका ओळीतून दुसरी ओळ काढत, कुठेही मागे न पाहता. हातानं वर्तुळ काढायचे ते कंपासनं काढल्यासारखं यायचं. तास संपला तेव्हा फळा उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत भरला होता आणि त्या कोपऱ्यात शेवटचं समीकरण बसलं होतं. मी शिकवण्यात वर्षं घालवली होती. मला वाटायचं मेकॅनिक्स म्हणजे काय ते मला माहीत आहे. त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसून अक्षरशः आ वासून पाहत राहिले.

एका मुलानं धीर करून विचारलं की नोट्सच्या फोटोकॉपी मिळतील का. सर म्हणाले, "लिहून ठेवलंत की ते कपाटात जातं. कपाटात गेलं की ते तुमचं राहत नाही. घरी जा, आठवेल तेवढं लिहा. जिथे अडाल तिथे तुम्हाला समजलेलं नाही."

मुलांनी नाकं मुरडली. मी मात्र त्या संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर बसून पूर्ण तास उतरवून काढला, ओळीगणिक. कुठेही अडले नाही. मला गंमत वाटली आणि थोडा गर्वही झाला. पाठांतर ही आमच्या घरची जुनी खोड. लहानपणी तिन्हीसांजेला देवापुढे बसून स्तोत्रं म्हणताना एक अक्षर चुकलं तरी पहिल्यापासून म्हणावं लागे. माझी स्मरणशक्ती त्यातच घडली. मी म्हटलं, हे गृहस्थ मला घेणारच.

तर मी डब्यात हात घातला. चिठ्ठी निघाली: जड भोवऱ्याची गती.

माझ्या मनात लाडू फुटले. हा विषय मी पुण्यात वर्षानुवर्षं डिक्टेट केला होता. आमच्याकडे मास्तर स्वल्पविरामासकट सांगतो आणि मुलं स्वल्पविरामासकट उतरवून घेतात. मी खडू उचलला आणि फळा भरून टाकला. तीन कोन, त्यांची समीकरणं, अक्षाचं डोलणं, सगळं. अक्षरही वळणदार काढलं. सर खुर्चीत हात बांधून पाहत होते.

"सुंदर," ते म्हणाले. "आता पुसा."

मी पुसलं.

"समीकरणं न वापरता सांगा. भोवरा पडत का नाही?"

"अँग्युलर मोमेंटममुळे, सर."

"ते नाव झालं. मी कारण विचारलं."

मी दुसरं वाक्य शोधायला गेले आणि मला काहीच सापडलं नाही. सगळी समीकरणं डोळ्यांसमोर रांगेत उभी होती, पण एकही बोलायला तयार नव्हतं.  मी डस्टर हातात धरून तशीच उभी राहिले. 

"तुमच्या स्मरणात सगळं आहे, मॅडम," सर म्हणाले. आवाजात कुत्सितपणा नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "त्यात तुम्ही कुठे आहात ते मला दिसलं नाही. आमच्याकडे नापास झालेल्याला पुन्हा यायचा हक्क असतो. टर्म संपली की या."

बसमध्ये बसले तेव्हा माझा पारा चढला होता. म्हातारा कोण लागून गेला मला विचारणारा? त्याच आठवड्यात नवऱ्याचा कुठल्याशा बंदरातून फोन आला, तेव्हा सगळा राग त्याच्यावर निघाला. तो शांतपणे म्हणाला, "अगं, भोवरा फिरतोय म्हणून पडत नाही. एवढं सांगायचंस ना."

"एवढंच उत्तर असतं तर मी पीएच.डी. कशाला करत बसले असते?"

"तेच तर मी लग्न झाल्यापासून विचारतोय," तो म्हणाला आणि फोनचं कार्ड संपलं.

रविवारी आम्ही मायलेकी कॉजवेचा पूल ओलांडून मलेशियातल्या जोहोरला भाजी आणायला जायचो. तिथल्या बाजारात एका मलय दुकानदाराकडे लाकडी भोवरे दिसले. आपल्याकडच्यापेक्षा बुटके आणि जड, पण भोवरेच. मी एक घेतला. लहानपणी आमच्या गल्लीत मुलींनी भोवरा खेळायचा नाही असा काही नियम नव्हता, फक्त कुणी खेळत नसे. मी खेळायचे. जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, गुंडाळून भोवरा फेकायचा, जमिनीला टेकायच्या आत हातावर झेलायचा, याला हातजाळी म्हणतात, आणि ती मला माझ्या भावापेक्षा बरी यायची. त्याला हे आजही मान्य नाही.

आमच्या इमारतीखाली, खांबांमधल्या मोकळ्या व्हॉइड डेकवर, मी तो भोवरा फेकला. पहिल्यांदा गडगडत जाऊन खांबाला आपटला. मुलगी लाजून दूर जाऊन उभी राहिली. दुसऱ्यांदा नीट फिरला. डोलत डोलत हळूहळू सरळ झाला आणि मग जागच्या जागी असा उभा राहिला की फिरतोय की नाही तेही कळू नये. मुलगी जवळ आली. मी खाली बसले आणि भोवरा डोलायला लागल्यावर त्याच्या डोक्याला बोटानं हलकेच पुढे ढकललं. तो पुढे गेला नाही. बाजूला गेला. पुन्हा ढकललं. पुन्हा बाजूला. हे वाक्य मी शेकडो मुलांना डिक्टेट केलं असेल, की लावलेला जोर आणि होणारी हालचाल यांत काटकोन असतो. पण माझ्या बोटाला ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी किती वेळ तिथे उकिडवी बसले होते कुणास ठाऊक. मुलगी म्हणाली, "आई, एनफ ऑलरेडी, लाह. पीपल लुकिंग."

पाहू देत, म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मी भोवरा पर्समध्ये घालून कँटीनमध्ये गेले. सर रोज दुपारी तिथे एकटे बसून बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी पीत. ती इतकी कडू असे की देणारी चिनी बाई दर वेळी खात्री करून घ्यायची. मी भोवरा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उचलला, तोलून पाहिला, खालच्या लोखंडी आरेवरून अंगठा फिरवला.

"सर, तो पडतो," मी म्हणाले. "प्रत्येक क्षणाला पडत असतो. पण आधीच फिरत असल्यामुळे त्याचं पडणं खाली जात नाही, बाजूला वळतं. तो बाजूला पडत राहतो, गोल गोल."

सर उठले, काउंटरपाशी गेले आणि माझ्यासाठी एक कॉफी घेऊन आले. तशीच कडू. मी ती प्याले. आयुष्यात एखादी वस्तू इतक्या आनंदानं गिळल्याचं मला आठवत नाही.

त्या दुपारी त्यांनी मला त्यांचं आयुष्य सांगितलं. बाहेर वीज कडाडून पाऊस सुरू झाला होता, छत्री दोघांकडेही नव्हती, म्हणून असेल.

त्यांचे वडील नदीकाठच्या गावात बैलगाड्या आणि घोडागाड्यांची चाकं बनवत. चाक बरोबर आहे का हे पाहायला वडील ते आसावर फिरवून सोडत आणि नुसतं ऐकत. मुलगा शिकत गेला, राजधानीत गेला, मेकॅनिक्सचा प्राध्यापक झाला आणि फिरणाऱ्या वस्तूंवर एक पुस्तक लिहायला बसला. त्यात वर्षं गेली. मग त्यांचा धाकटा भाऊ परदेशी गेला आणि परत आला नाही. त्या राजवटीत हा गुन्हा मागे राहिलेल्यांचा धरत. सरांचं शिकवणं बंद झालं. त्यांना टर्बाइनच्या कारखान्यात धाडलं, रोटर समतोल करायच्या विभागात. ते म्हणाले, "वाईट नव्हतं. मी आयुष्यभर कागदावर फिरवलेल्या वस्तू तिथे खरोखर फिरत होत्या." जेवणाच्या सुट्टीत ते लोखंडी पत्र्यावर खडूनं मेकॅनिक्स शिकवत. ऐकणारे आधी थोडे होते, मग जागा पुरेना.

त्या काळात तिथे टाइपरायटरचीसुद्धा पोलिसांत नोंद करावी लागे. पुस्तक त्यांनी हातानंच लिहून पुरं केलं. शेवटी देश सोडायची परवानगी मिळाली, तेव्हा बायको जाऊन बराच काळ लोटला होता आणि मूलबाळ नव्हतं. एक बॅग आणि पुस्तकाचे कागद घेऊन ते गाडीत बसले. सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यानं कागद उलटेपालटे करून पाहिले. त्याला त्यातलं काही कळेना, आणि जे कळत नाही ते सांकेतिक असणार असं त्यानं ठरवलं. कागद ठेवून घेतले.

"मी आगगाडीच्या डब्यात परत येऊन बसलो," सर म्हणाले. "गाडी सुटली. डोळे मिटले आणि पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. सरहद्द मागे पडेपर्यंत दुसऱ्या प्रकरणात पोचलो होतो. तेव्हा लक्षात आलं की त्यांनी फक्त कागद नेलेत."

 मला एकदम उमगलं की आम्ही दर आठवड्याला त्या गारठलेल्या हॉलमध्ये जे पाहत होतो ते तेच पुस्तक होतं. हा माणूस ते दर वर्षी फळ्यावर पहिल्यापासून लिहीत होता आणि तास संपला की स्वतःच्या हातानं पुसत होता.

मी म्हणाले, "म्हणजे तुमचंही सगळं पाठच आहे, सर." मला जरा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

"नाही," ते म्हणाले. "मला पाठ काहीच नाही. मी ते दर वेळी नव्यानं करतो. पाठ असतं तर पहिल्या हिवाळ्यातच विसरलो असतो."

पाऊस थांबला तेव्हा त्यांनी भोवरा मला परत दिला. "डबा टर्मच्या शेवटी," ते म्हणाले. कॉफी पाजली म्हणून सूट मिळेल अशी माझी समजूत होती, ती गळून पडली.

टर्मभर मी एकही तास चुकवला नाही. आता मी घरी जाऊन उतरवून काढणं बंद केलं होतं. त्याऐवजी बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून प्रत्येक ओळीला विचारत बसायचे, तू इथे का आलीस? त्याच सुमारास वुडलँड्सला एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, सुरू झाली आणि जुरोंग ईस्टपर्यंत बसून जाता येऊ लागलं. स्टेशनं मागे पडत आणि मी मनातल्या मनात भोवरे फिरवत असे. दोनदा पुढच्या स्टेशनावर उतरले.

शेवटचं लेक्चर भोवऱ्याच्या उभं राहण्यावर होतं. डोलणारा भोवरा हळूहळू सरळ का होतो? पडायला हवं, तर हा उठतो कसा? हे पुस्तकातलं शेवटचं प्रकरण, सरांचं स्वतःचं काम, आणि त्याकडे ते ज्या वाटेनं जात ती दुसऱ्या कुठल्या ग्रंथात मला सापडली नव्हती. फळा अर्धा भरला होता. जमिनीशी होणारं घर्षण त्यांनी घेतलं, ओळ लिहिली, खडू पुढच्या ओळीसाठी उचलला.

आणि खडू तिथेच राहिला.

आधी वाटलं विचार करताहेत. मग त्यांनी लिहिलेल्या ओळीवरून बोट फिरवलं, पहिल्यापासून. पुन्हा फिरवलं.  मुलं शांत बसून होती. इथली मुलं प्रोफेसरला मध्येच काही विचारत नाहीत, ती वाट पाहतात. सरांची पाठ आमच्याकडे होती आणि त्यांचा खांदा मी कधी पाहिला नव्हता इतका खाली आला होता.

पुढची ओळ मला पाठ नव्हती. पाठ असती तर बहुधा मी ती म्हणून टाकली असती, आणि सगळंच संपलं असतं. मी फळ्याकडे पाहिलं. त्या ओळीप्रमाणे भोवऱ्यानं उठायला नको होतं. पण व्हॉइड डेकवर तो उठला होता, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग मला त्याची आर आठवली. गोलसर, घासलेली. कललेला भोवरा आरेच्या टोकावर उभा नसतो, तिच्या कडेवर उभा असतो. अक्षापासून जरा बाजूला. घर्षण तिथे लागतं.

मी हात वर केला. "सर, आर पूर्ण टोकदार असती तरी भोवरा उठला असता का?"

सर वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, मी भरवर्गात त्यांचा अपमान केला.

"नाही," ते हळूच म्हणाले. "नसता उठला. मग मी आरेची त्रिज्या कुठे ठेवली?" आणि फळ्याकडे वळून त्यांनी वरच्या ओळीत ती घातली. तिथून खडू असा धावला की शेवटचं समीकरण नेहमीसारखं उजव्या कोपऱ्यात जाऊन बसलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती शेवटच्या लेक्चरला वाजवतात तशाच.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षेला गेले. डबा टेबलावर होता. मी हात पुढे केला तर सरांनी तो स्वतःकडे ओढला.

"तुम्ही इथे बसा," ते म्हणाले आणि मला त्यांची खुर्ची दाखवली. मी बसले नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं तेव्हा बसले. त्यांनी डब्यात हात घालून एक चिठ्ठी काढली, माझ्यासमोर ठेवली, खडू घेतला आणि फळ्यासमोर जाऊन उभे राहिले. "विचारा. मला येणार नाही तिथपर्यंत विचारत राहा."

"सर, मी कशी तुमची..."

"माझं असं अडणं या टर्ममध्ये पहिल्यांदा झालेलं नाही," ते म्हणाले. "बाकीच्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. काल तुम्ही मला उत्तर सांगितलं नाहीत, प्रश्न विचारलात. म्हणून तुम्हाला घेतो आहे. पण एका अटीवर. दर महिन्याला माझी परीक्षा घ्यायची, पूर्ण कडक. ज्या दिवशी मला जमणार नाही त्या दिवशी तुम्ही मला सांगायचं. डॉक्टरनं नाही, डीननं नाही. ज्याला मेकॅनिक्स समजतं त्यानं. आणि एक लक्षात ठेवा, परीक्षकानं उत्तर पुरवायचं नसतं. त्यासारखा विद्यार्थ्याचा दुसरा अपमान नाही."

ज्यासाठी मी टर्मभर जीव टांगणीला लावला होता ते मला असं मिळालं. आनंदानं नाचावं की रडावं ते समजेना. मी चिठ्ठी उघडली आणि पहिला प्रश्न विचारला. त्या दिवशी त्यांना सगळं आलं. खडूची धूळ अंगावर घेऊन ते उभे होते आणि मी एकामागून एक "का?" विचारत होते. इतकं सुंदर काही मी आजवर पाहिलेलं नाही.

मी त्यांची विद्यार्थिनी झाले. माझ्या नावाचा, माझा स्वतःचा पास आला. नवरा म्हणाला, "आता मीच तुझ्यावर डिपेंडंट होतो." मुलीनं एकदा सरांना पाहिलं आणि घरी येऊन जाहीर केलं, "धिस अंकल कॅननॉट स्माइल, लाह." दर महिन्याला डबा उघडला जाई. कधी ते थबकत, मी वाट पाही आणि ते वाट काढत. मी बाहेर पडताना मनातल्या मनात देवाचे आभार मानत असे.

माझा प्रबंध लिहून होत आला होता तेव्हाची गोष्ट. दुपार होती. त्यांनी चिठ्ठी काढली. सोपा विषय होता, पहिल्या प्रकरणातला. मध्यावर ते थांबले. मी वाट पाहिली. त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. मग वळून मला विचारलं, "इथे काय येतं?"

त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. उत्तर माझ्या जिभेवर होतं. आता मला त्यांचं सगळं पुस्तक येत होतं, पाठही आणि समजूनही. एक अक्षर उच्चारलं असतं तरी खडू पुन्हा धावला असता, तो महिना निघाला असता, कदाचित पुढचाही. लहानपणी स्तोत्र म्हणताना कुणी अडखळलं की शेजारचा पुढचा शब्द पुरवतो, ती सवय माझ्या हाडीमाशी मुरलेली. मी ओठ घट्ट मिटून बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसलंही नाही.

"सर," मी म्हणाले, "आज नाही जमलं."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी खडू ठेवला. रुमालानं हात स्वच्छ पुसले, टेबलाला वळसा घालून आले आणि माझ्यापुढे हात केला. "थँक यू, कोलेगा," ते म्हणाले. त्यांच्याकडे सहकाऱ्याला तसं म्हणतात. तोवर मी नेहमी मॅडम होते.

नवी टर्म सुरू झाली तेव्हा तो विषय माझ्याकडे आला होता. मी हॉलमध्ये रिकाम्या हातानं गेले, पेनं खाली ठेवायला सांगितली आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात बिंदू काढला. सर शेवटच्या बाकावर स्वेटर घालून बसत, प्रत्येक तासाला. शेवटच्या लेक्चरला मी भोवऱ्याच्या उठण्यापाशी आले, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"कोलेगा," त्यांनी विचारलं, "आर पूर्ण टोकदार असती तर?"

सगळा वर्ग मागे वळून पाहायला लागला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते माझी परीक्षा घेत होते की त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, मला कळलं नाही, आजही कळलेलं नाही. मी पर्समधून भोवरा काढला, जाळी गुंडाळली आणि त्यांच्या बाकासमोर जाऊन, पहिल्यापासून, सांगायला सुरुवात केली.